ओडी

पगारे, पगार किती दिला?
सातपूरच्या टपरीवर आत्मारामने पहिलं हेच विचारलं.
काहीच नाही, म्हणालो.
मग गेलास कशाला, म्हणाला,
आणि कधी नव्हे ते चहाचे पैसे त्याने दिले.

एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेत हातपंप दुरुस्ती.
पेठ, सुरगाणा, हरसूल.
पंपांचे नंबर तोंडपाठ, माणसं नाहीत.
निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात
कॉलेज रोडवरच्या एका संस्थेच्या बाईंनी विचारलं,
मलावीला याल, नऊ महिने, स्वयंसेवक म्हणून?
मी नकाशात आधी मालदीव शोधलं.

सतरा किलो हत्यारं, आठ किलो कपडे,
आणि सुलभाने स्वेटरच्या बाहीत दडवलेली खुरासणीची चटणी.

पहिल्याच सकाळी पंपाचं झाकण खोललं.
आत साखळी नव्हती.
त्यांचा पंप वेगळा.
हातात पाना घेऊन उभा राहिलो
नसलेल्या साखळीकडे बघत.

पंपाची राखण एनिफाकडे,
पाठीला पोर बांधलेलं, पायात नवऱ्याच्या चपला.
तिने माझ्या हातातून पाना घेतला,
बाजूला ठेवला,
मला ओट्यावरून खाली उतरवलं
आणि म्हणाली, ओडी.

दुभाष्या पोरगा हसला:
दारात आलं की असं म्हणायचं,
आतून या म्हणेपर्यंत थांबायचं.
पंपाला कुठे दार असतं, म्हणालो.
हे त्याने तिला सांगितलंच नाही.

मग थांबायला शिकलो. वाटतं तितकं सोपं नाही ते.
बाया बादल्या रांगेत लावून बोलायच्या,
लांबण लावून,
कुणाची शेळी कुणाच्या मक्यात,
कोणती पोर हल्ली पाण्याला येत नाही, का येत नाही,
आणि सगळ्याच्या शेवटी, चुकून निसटल्यासारखं,
पहाटे तिसऱ्या बादलीनंतर पंप हवा ओढतो.
माझ्या रजिस्टरात एवढंच मावलं असतं.
पण शेळीवाचून ते वर येत नव्हतं,
हापशाचे पहिले वीस दट्टे कोरडे जातात, तसं.

चौथ्या महिन्यात, रात्री मच्छरदाणीत,
खिरपाड्याची मथीबाई आठवली.
अठ्ठ्याण्णव साल असेल.
ती काहीतरी सांगायला लागली होती,
जीप चालूच होती,
मला अंधाराआधी नाशिक गाठायचं होतं.
मी लिहिलं: पंप चालू. तक्रार नाही.

तक्रार नाही.
माझंच अक्षर, सुवाच्य, साहेब नेहमी कौतुक करायचे.

परत आल्यावर पंधराव्या दिवशी
सीबीएसवरून पेठची एसटी धरली.
सावळघाटात कंडक्टरने ओळखलं, मिस्त्री, ड्यूटीवर?
नाही रे, असंच, म्हणालो,
आणि असंच म्हणजे काय ते मलाही नीट माहीत नव्हतं.

मथीबाई सहा वर्षांमागेच गेली.
पंपाच्या ओट्यावर तिची सून भांडी घासत होती.
मी ओट्याखाली थांबलो.
तोंडातून निघून गेलं, ओडी.
काय?
काही नाही. येऊ का?
तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं. रिकामे होते.
पंप कवाचा बंद, म्हणाली, आता नळ आलाय.
म्हंजे तोटी आली. पाणी बुधवारी.

सासू म्हणायची, पाणी तांबडं हाय,
भात लाल शिजतो, पोरं खात नाहीत.
सांगाया गेली तर तो मिस्त्री जीपच थांबवत नव्हता.

तो मीच,
हे सांगायला मला दोन पेले कोरा चहा लागला.

हं, म्हणाली.
एक टोप धुऊन पालथा घातला. मग दुसरा.
मग बोलायला लागली,
सोमवारपासून,
कोण किती हंडे, कुठल्या झऱ्यावर, कुणाचा पाय मोडला.

खाली वळणावर साडेचारच्या एसटीने हॉर्न दिला.
ती नुकती बुधवारपर्यंत आली होती.
अजून गुरुवार होता.