सातवी पायरी

रुस्ताककडे जाताना डाव्या हाताला फाटा,
पाटी उन्हानं पांढरी पडलेली.
शुक्रवार होता, कंपनीची पिकअप होती,
आणि वसईच्या गास्परला आज दर्या नको होता.

किल्ला म्हणावा तर एवढासा.
एक बुरूज, एक हौद, चार खजुरी.
दारातली दिंडी कमरेइतकी.
वाकून आत शिरलो तसं राखणदारानं वर बोट दाखवलं :
माथ्यावर एक फट.
इथून उकळती काकवी ओतायचे, खजुराची,
नेमकी वाकलेल्या मानेवर.
सुवैद त्याचं नाव. उर्दू मोडकी,
माझ्या अरबीपेक्षा बरी.

कोठीच्या जमिनीला पन्हळी होत्या.
पोत्यांवर पोती रचली की आपल्याच भारानं
रस पाझरायचा. वास अजून आहे,
की मलाच आला, कोण जाणे.

मग जिना.
मी लिफ्टवाला. मस्कतमधल्या अठ्ठावीस लिफ्ट माझ्याकडे.
मजल्यापाशी पाच मिलिमीटर वर थांबली
तरी रात्री फोन वाजतो.
आणि इथं पहिली पायरी वीतभर, दुसरी चार बोटं,
तिसरी गुडघ्याला.
सातवीवर पडलो. सरळ तोंडावर.
गास्पर हसला, सुवैद नाही.
म्हणाला, मुद्दाम आहे.
शत्रू अंधारात धावत येतो,
त्याचा पाय एकसारखं मागतो.
घरच्या पोरांना ठाऊक असतं.

गच्चीवर कोपर फुंकत बसलो.
खाली फलजचा पाट, त्यात कुणाचं तरी प्लॅस्टिकचं चप्पल.
भिंत सुतात होती, म्हणजे ओळंबा होता त्याच्याकडे,
त्या मिस्त्रीकडे.
चुकायलासुद्धा माप लावलं होतं त्यानं.

गेल्या मे महिन्यात, संगमेश्वरला,
मी पैसे पाठवून बांधलेल्या घरात
रात्री पाण्याला उठलो आणि ठेचकाळलो.
स्वयंपाकघराचा उंबरा.
नीलाक्षी झोपेतच म्हणाली, तिथं उंच आहे, बघून.
मागून मुलगा आला,
दिवा न लावता पाय उचलला, ओलांडला,
घटाघटा पाणी प्यायला
आणि विचारलं, तुम्हाला लागलं का.
तुम्हाला.

सुवैदनं कहवा दिला.
पेला हलवला नाही तर तो ओततच राहतो,
एवढं सतरा वर्षांत शिकलोय.
हलवला.

उतरताना पायऱ्या मोजत उतरलो.
सातवी ती वरून कितवी,
हे विचारायचं राहून गेलं.