बावची

बांधाला आपोआप येते,
येलदरीच्या कॅनॉलकाठी, पडीक चोपणात,
मसणवट्याच्या उताराला.
कुणी पेरत नाही, कुणी निंदत नाही.
शेळी हुंगते अन् तोंड फिरवते.
जिंतूरला मुंजाजीच्या आडतीवर मात्र
तिला किलोनं भाव आहे.

ओळख कौसाआत्यानं सांगितली:
पान उजेडात धर.
बारीक काळे ठिपके दिसले की समज,
जणू कुणी दौतीत कुंचा बुडवून झटकला.
फूल जांभळं, नाकातल्या चमकीएवढं.
बी काळं, चपटं,
वालाच्या दाण्याचं रांगतं लेकरू.
आणि वास.
बोटांना चार दिवस राहायचा,
थापलेल्या भाकरीलाही लागायचा.

तिच्या मनगटावर तेव्हा एवढासा डाग होता,
चाराण्याएवढा.
मग रुपयाएवढा.
मग तिनं नाणी मोजायची सोडली.

सासरहून परत आली त्या वर्षी
वैद्यानं बावचीचं तेल दिलं.
लावून उन्हात बस म्हणाला,
किती वेळ ते म्हणाला नाही.
चैतातलं ऊन ते, आमच्याकडचं.
संध्याकाळी हातावर फोड,
तळताना पापडावर येतात तसे.
बाटली तिनं फेकली नाही,
देवळीत ठेवून दिली, बूच लावून.
बी मात्र गोळा करत राहिली.
दुसऱ्यांच्या डागांसाठी, म्हणायची,
माझा आता घरचा झाला.

मी एकरभर लावायचं ठरवलं तेव्हा हसली.
रानातलं पुरत नाही आता, मुंजाजी म्हणाला होता,
तू पेर, मी घेतो.
मिरगात दोन किलो बी टाकलं, काकऱ्या धरून,
सोयाबीन टाकतात तसं.
सोयाबीन असतं तर पाचव्या दिवशी माती फुटली असती.
पंधराव्या दिवशी मी उकरून पाहिलं.
बी जसंच्या तसं,
काळं, कोरडं,
मानपान राहिलेल्या व्याह्यासारखं.

आत्या आली, ओच्यात वाळू घेऊन.
उरलेलं बी काढ म्हणाली.
खलबत्ता नको, पाटा नको,
दोन तळवे पुरे.
साल खरवडेपर्यंत चोळ,
आतला जीव दुखेस्तोवर नको.
रानात हे काम कोण करतं?
बैलाचा खूर, वढ्याची रेती, दोन-तीन उन्हाळे.
तुला घाई आहे, म्हणून आपले हात.

रात्रभर चोळत बसलो दोघी.
लाइट गेलेली.
तिचे हात अंधारातही दिसत होते.

आली मग. कमरेपर्यंत आली.
पण पिकणं हिचं ठरवून नाही:
एकाच झुबक्यात खाली काळं बी, वर हिरवं,
शेंड्याला अजून फूलच.
यंत्र इथं चालत नाही.
मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंत चार तोडे,
बोटं चिकट, बायका नाकाला पदर लावून.
तिसऱ्या तोड्याला त्यातल्या एकीनं,
वालूरच्या सुंद्रानं,
बाही खाली ओढत आत्याला धुऱ्यावर नेलं.
काय बोलल्या ते मला ठाऊक नाही.
पाटीजवळ परतताना आत्याचं एवढंच ऐकलं:
आधी डॉक्टरला दाखव.
आणि लग्नाचं विचारायला आले
तर बाही वर कर. आधीच.

मुंजाजीनं माती म्हणून दोन किलो कापले,
पैसे पोळ्याला दिले.

औंदा त्या रानात ज्वारी आहे.
मुळांच्या गाठींनी मागं ठेवलेलं खाऊन
पोटरीत आलीय, दाट.
आणि तिच्यात मधूनमधून बावची,
त्या वर्षी रुसलेली, आत्ता उठलेली.
मी खुरपं घातलं तर आत्या म्हणाली, थांब.
एक पान तोडून तिनं मनगटावर पालथं ठेवलं.
पानावर काळे, हातावर पांढरे.
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली,
आम्हा दोघींनाही शेळीनं हुंगूनच सोडलंय बघ,
आणि हसता हसता
खुरपं माझ्या हातातून काढून घेतलं.