रिकाम्या गाडीचं वजन

एप्रिलात आम्हाला विकलं.
आधी कळलं ते पाणीवाल्याला.
यापुढचं बिल गुडगावच्या नावानं कर, असं त्याला सांगितलं होतं,
आणि परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
वीस लिटरचा कॅन टेकवत त्यानं विचारलं,
"काहून मॅडम, तुमची कंपनी गेली का?"

गेली नव्हती. आम्ही तिथंच,
तेच धर्मकाट्यांचं सॉफ्टवेअर,
कळमना, उमरेड, कामठी रोड,
एकोणीस वर्षांच्या वजनपावत्या.
फक्त नव्या मालकांनी खर्चाची यादी उघडली
आणि डेटाबेसच्या परवान्यावर बोट ठेवलं:
एवढे पैसे? दुसरा फुकट मिळतो ना?

टेंभरे सर कॉलवर म्युट होते.
म्युट काढून म्हणाले,
"फुकट नाही, मोकळा आहे.
मोकळ्या बैलाला चारा आपणच घालाव लागते."
गुडगाव हसलं. कुणीतरी ते मिनिट्समध्ये लिहून घेतलं.
पंधरा दिवसांनी कपातीची यादी आली,
तिच्यात सर होते.

मग मे. सेहेचाळीस अंश.
कूलरच्या वाळ्यावर मगानं पाणी मारायचं
आणि एकेक टेबल हलवायचं.
जुन्या कोडच्या पोटात सरांच्या टिपा निघत:
"कुरूप आहे, पण चालते. हात लावू नये. पोळा, २००९."
"इथे दोननं का भागलं, विसरलो."
"उमरेडचा काटा पावसात वीस किलो जास्त दाखवतो.
त्यांना सांगितलं. ऐकत नाहीत."
टिपा कुठल्याच डेटाबेसला लागत नाहीत.
मी त्या सगळ्या नेल्या.

जुन्याला एक खोड होती.
रिकामा मजकूर दिला की तो 'नाही' म्हणून ठेवायचा.
लिहून पुसलेलं, लिहायचं राहिलेलं,
कधी विचारलंच नव्हतं ते,
सगळं एकाच पोत्यात.
नव्याला हे चालत नाही.
त्याचं रिकामं वेगळं, त्याचं ठाऊक नाही वेगळं,
आणि दोन कोटी अकरा लाख ओळींच्या बेरजा
काही केल्या जुळेनात.

रात्री दीडला सरांना फोन लावला.
लावायचा नव्हता, तसं त्यांच्या करारात होतं.
ते गच्चीवर जागेच होते.
"हेमा, काट्यावर आधी रिकामी गाडी काहून चढवतो आपण?"
"वजन करायला."
"रिकामीचं?"
मी गप्प.
"रिकामीलेही वजन असते न बापा.
वजनच केलं नाही, ते वेगळं.
एवढं धरून चाल, जुळते."
मग विचारलं, जेवली का.
मी हो म्हटलं. डबा तसाच होता.

रविवारी पहाटे साडेतीनला जुळलं,
एक पावती सोडून.
ती अजून जुळलेली नाही.

शेवटचं टेबल कर्मचाऱ्यांचं.
सरांच्या ओळीत, सोडण्याचं कारण:
जुन्यात काही नव्हतं.
नव्यात मला ठरवायचं होतं.
रिकामं ठेवलं तर अर्थ असा की
विचारलं होतं, सांगण्यासारखं काही निघालं नाही.
नल ठेवलं तर, कुणी विचारलंच नाही.
कूलरमधलं पाणी संपून पंपाचा आवाज बदलेपर्यंत
मी कर्सरकडे बघत बसले.
नल ठेवलं.

चार पन्नासला कळमन्याच्या काट्यावर पहिली गाडी चढली.
रिकामी. सात हजार आठशे चाळीस किलो.
ओळ आली, बसली, पावती छापली गेली.
ड्रायव्हरनं ती न वाचताच
खिशात कोंबली असेल, विडीच्या बंडलामागं,
आणि कांदे भरायला पुढं गेला असेल.