मापवही

चेंबूर कॅम्पच्या बराकीत आधी खडूची रेघ होती.
अलीकडे झमटमलची सात माणसं,
पलीकडे लोकूमलची विधवा.
पोपटीबाई रोज झाडायची
रेघेपर्यंत, रेघ न पुसता.

मग सरकारी विटा आल्या.
बाबा तेव्हा ओव्हरसियर,
हातात टेप, बुटांना चिखल.
तिला मराठी येईना, बाबांना सिंधी.
तिने पुढे वाटीच धरली:
भिंतीत एवढं भोक.

मापवहीत बाबांनी लिहिलं,
'हवेसाठी'.

त्यातून मीठ गेलं, काडेपेटी,
रात्रीबेरात्री कुणाचं रडू,
एकदा तर अख्खं मांजर.

परवा बिल्डरच्या माणसाने विचारलं,
खोली केवढी?
पोपटीबाईचा नातू मराठीतच म्हणाला,
एकशेऐंशी फूट
आणि वर एक वाटी.