खालचं वेटोळं

हेस्टर पिल्बीम अक्षरं आखायची.
लिहायची नाही, आखायची:
हातभर कागदावर एकच लहान ‘जी’,
काचेखाली दिवा, टोक काढकाढून बोटाएवढी उरलेली पेन्सिल,
खिडकीबाहेर सरे परगण्यातली कोबीची शेतं.

वरून आलेल्या मूळ चित्रात
‘जी’च्या पोटाखालचं वेटोळं फार आवळलेलं होतं;
बारीक छापलं की शाईने बुजायचं.
तीन आठवडे ती ते केसाकेसाने सैल करत राहिली.
तिचं नाव पगारपत्रकावर होतं. आणखी कुठे नाही.

मग तो ‘जी’ सुटला देशभर.
जॅमच्या बरणीवर, रेशनच्या पुस्तकात,
बसच्या वेळापत्रकात, खोकल्याच्या बाटलीवर.
लोक वाचायचे आणि कामाला लागायचे.
मीठ बरोबर पडलं की
मिठाचं नाव कोण काढतं?

एक्केचाळीसच्या फेब्रुवारीत
शेजारच्या मिसेस टुलेट दारात आल्या,
एप्रनला पीठ, हातात सरकारी कागद.
मजकूर आधीच छापलेला,
नाव तेवढं हाताने भरलेलं: सिरिल.
“चष्मा सापडत नाहीये गं. तू वाच.
वाचण्यात काही चूक तर होत नाही ना, बघ.”

हेस्टरने कागद उजेडाकडे धरला.
त्यांच्या भाषेत ‘खेद’ या शब्दाच्या पोटात
एक ‘जी’ असतो.
युद्धातला हलका कागद, पाणचट शाई,
तरी वेटोळं मोकळं, स्वच्छ,
कुठेच बुजलेलं नाही.

चूक होऊ नये म्हणूनच तर
तीन आठवडे.

“नाही,” ती म्हणाली.

मग चहा टाकला.
डब्यावर तेच अक्षर.
तिने डबा
भिंतीकडे तोंड करून ठेवला.