पती-पत्नी एकत्रीकरण

जतहून आमची बदली झाली
पती-पत्नी एकत्रीकरणात.
एकच तालुका, एकच वेतनश्रेणी,
जुलैची वेतनवाढसुद्धा एकाच तारखेला.
विट्यात आधी खोली घेतली, मग प्लॉट, मग घर.

हप्ता ह्यांच्या पगारातून.
माझ्या पगारातून बाकीचं सगळं.
असं कधी बसून ठरवलं नव्हतं.
पहिल्या महिन्यात तसं झालं
आणि पंधरा वर्षं तसंच होत गेलं.
घराच्या पाटीवर माझं नाव आहे.
उताऱ्यावर नाही.

फेब्रुवारी म्हणजे टॅक्सचे कागद.
मधल्या सुट्टीत कोष्टी सर फळ्यावर
एसआयपीचं झाड काढून दाखवतात,
वीस वर्षांनी किती फांद्या.
मागं एकदा कुठल्याशा दामदुपटीत
त्यांचे दोन लाख बुडाले.
सरांच्या बाबतीत त्याला अनुभव म्हणतात.

मुलाणी बाई डबा उघडत म्हणतात,
आपल्याला काय कळतंय त्यातलं.
ह्याच बाई नऊ वर्षं भिशी चालवतात
अकरा जणींची,
एकीचाही हप्ता चुकू दिलेला नाही,
आणि कागद म्हणाल तर एक नाही.

फॉर्म माझ्यापुढं आला.
घरकर्ज ह्यांच्या फॉर्मात.
विमा ह्यांच्या. पीपीएफ ह्यांचं.
माझ्या रकान्यात पोरांची फी
आणि पेन्शनची आपोआप होते ती कपात.
दूध लिहू का, मी विचारलं.
मुख्याध्यापक हसले.
दुधाला कलम नाही, बाई.

दुधाला नाही. गॅसला नाही,
सासूबाईंच्या मिरजेच्या डॉक्टरला नाही,
नणंदेच्या पोरीच्या आहेराला,
पाव्हण्यांच्या चहाला,
फुटलेल्या दप्तराला नाही.

सातवीला सरळव्याज चाललं होतं.
मुद्दल, दर, मुदत.
इतक्या वर्षांत सूत्र कधी चुकलं नाही.
त्या दिवशी मुद्दल एवढंच लिहिलं
आणि खडू तिथंच थांबला.
दर होता. मुदत तर भरपूर होती.
मुद्दल आम्ही पिऊन टाकलं होतं,
रोज दोन लिटर.
बाई, पुढं? मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

रात्री शेजारचे माग खडखडत होते,
त्यामुळं जरा मोठ्यानंच बोलावं लागलं.
एप्रिलपासून हप्ता माझ्या खात्यातून जाऊ दे.
उताऱ्यावर नाव लावून घेऊ.
दूध, किराणा, गॅस तुमच्याकडं.

हे काही वाईट नाहीत.
घास संपवला, बरं म्हणाले.
बघू, असं म्हणाले नाहीत.
मोबाइल काढला, कॅल्क्युलेटर उघडला,
आणि कोऱ्या शून्याकडं
बराच वेळ बघत राहिले.

दूध किती लागतं गं आपल्याला?