येणे बाकी

देवली सोनू हाडळ.
हे नाव मुंबईत पहिल्यांदा भिंतीवर आलं
ते माझ्या हातून.
मरोळच्या अलीकडे, दूध वसाहतीच्या कुंपणावर,
रात्री दोन वाजता, गेरूने.
ऑइल पेंटला पैसे नव्हते.
डबा धरायला उमेदवार स्वतः उभी,
एका स्लिपरचा पट्टा सुतळीने बांधलेला.

मी म्हटलं, बाई, आडनाव गाळू या का?
लोक हडळ वाचतील, हसतील.
ती म्हणाली, हसू देत.
हसलेलं नाव विसरत नाही कुणी.

काना मी तरी जाडच काढला.

दोनशे बारा मतांनी पडली.
माझे साडेचारशे राहिले, ते वहीत आहेत.

मग उंबरपाड्यावर नोटिसा आल्या: अतिक्रमण.
चाळीस बायांना घेऊन ती वनखात्याच्या हापिसात गेली
आणि साहेबाला म्हणाली,
बिबट्याला दिली का नोटीस?
तोही इथंच राहतो, कागद त्याच्याकडेही नाही.
साहेब हसला.
हसला तिथेच चुकला.
तीन दिवस बाया पायरीवरून हलल्या नाहीत,
भाकऱ्या तिथेच, पोरांची आंघोळ तिथेच,
चौथ्या दिवशी नोटीस मागे.

परळच्या हापिसात कॉम्रेड लोक भले होते.
वर्ग, संघर्ष, सगळं नीट समजावून सांगायचे,
आणि सभा संपताना म्हणायचे,
आता देवलीताई एक गाणं होऊन जाऊ दे.
दोन वर्षं गायली.
तिसऱ्या वर्षी उभी राहिली, म्हणाली,
गाणं लग्नात. मी ठराव आणलाय.

त्याच अधिवेशनाचा पडदा माझ्याकडे होता.
हुकूम होता: त्रिकोणी माणसं काढ, फेर धरलेली,
पाहुण्यांना आवडतं.
अर्धा फेर झाला होता. ती मागे येऊन थांबली.
आमच्यात हे काढत नाहीत पेंटर, लिहितात.
बाया लिहितात, धवलेरी गाते तेव्हा.
अध्यक्ष बोलतो तेव्हा नाही.
मी रॉकेलने पुसलं सगळं.
पुसायचे तीनशे चाळीस कोण देणार
यावर कमिटीत एकमत झालं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.
आमदार झाली, अर्ध्या फुटाचं अक्षर दीड फुटाचं झालं.
खासदारकीला हायवेच्या पुलावर मी परातीवर बसून लिहिलं,
खाली दोन पोरं दोर धरून,
'ळ' पुरा करायला एक तास.
त्यानंतर फ्लेक्स आले
आणि माझं काम संपलं.
फ्लेक्सवर ती गोरी दिसते.

परवा लालबागला चहा घेत होतो,
टीव्हीवर सांगितलं, पक्षाची सरचिटणीस झाली.
पाड्यावरची पहिली.
दिल्लीची निवेदिका म्हणाली, हडल.
मी टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून
काना दिला.
समोरच्याला वाटलं म्हातारा सरकला.

तसा बिल घेऊनच गेलो होतो उंबरपाड्याला,
ती येणार असं ऐकून.
आली नाही, सभा दुसरीकडे लागली.
तिची चुलत बहीण नळावर होती, येसूबाई.
नळ आलाय. देवलीनेच आणला, भांडून,
सातव्या वर्षी.
पाणी पहाटे चार ते चार वीस.

पेंटर, तुमची ओळख आहे, येसूबाई म्हणाली,
तिला सांगा, वीस मिनिटं पुरत नाहीत.
मी म्हटलं, तुमची बहीण आहे, तुम्ही सांगा.
ती हंडा उचलत म्हणाली,
आता तिला लिहूनच द्यावं लागतं.

वही काढली.
साडेचारशे, तीनशे चाळीस, पुलाची मजुरी,
त्याच पानावर, त्याच रकान्यात लिहिलं:
पाणी, वीस मिनिटं.

'पा'चा काना जाड आला.
हाताची सवय.